रिपोर्ट नॉर्मल, पोट मात्र दुखतंच!

"सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काही झालेलं नाही." हे ऐकून दवाखान्यातून बाहेर पडलेली आणि तरीही पोट धरून बसलेली माणसं आपल्या ओळखीत असतातच. त्यांतल्या कित्येकांना आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम असतो. आतड्यात जखम नाही, गाठ नाही, पण त्याचं काम मात्र बिनसलेलं. या आजारासाठी आता कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायचे प्रयत्न चाललेत. पण पोटदुखीचं निदान यंत्राकडून करून घेण्याची खटपट पन्नास वर्षांहून जुनी आहे बरं का!

ती गोष्ट इंग्लंडमधल्या लीड्सची. डॉ. डी डोंबाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अचानक पोट दुखू लागलेल्या 304 रुग्णांची माहिती संगणकाला दिली. कुठे दुखतंय, कधीपासून, उलटी झाली का, वगैरे. जुन्या रुग्णांच्या नोंदींवरून संगणक प्रत्येक आजाराची शक्यता काढायचा. 1972 साली निकाल छापून आला. संगणक 91.8 टक्के बरोबर, अनुभवी डॉक्टर 79.6 टक्के!

मग डॉक्टर हरले? थांबा. याच मंडळींनी पुढे खऱ्या नोंदींऐवजी डॉक्टरांचे अंदाज संगणकाला देऊन पाहिले, तर त्याची अचूकता घसरली. म्हणजे खरी करामत होती ती नीट केलेल्या नोंदींची. पुढे आठ रुग्णालयांत 16,737 रुग्णांवर हीच पद्धत वापरली गेली. 1986 साली त्याचा अहवाल आला. पहिल्या तपासणीतलं अचूक निदान सुमारे 46 टक्क्यांवरून 65 टक्क्यांवर गेलं होतं. यात संगणकाइतकाच वाटा होता तो ठरावीक प्रश्नांच्या छापील फॉर्मचा आणि आपलं कुठे चुकलं हे डॉक्टरांना नियमित कळण्याचा.

आयबीएसमध्ये मात्र वेगळीच अडचण. अपेंडिक्स सुजलंय की नाही, ते ऑपरेशनमध्ये दिसतं. यंत्राचं उत्तर ताडून पाहता येतं. आयबीएस कुठल्याच फोटोत दिसत नाही. मग ओळखायचा कसा?

ब्रिस्टलच्या डॉ. मॅनिंग, डॉ. हीटन आणि सहकाऱ्यांनी 1978 साली मार्ग दाखवला. त्यांनी रुग्णांनाच प्रश्नावली दिली. त्यातून चार खुणा उठून दिसल्या : पोट फुगणं, शौचानंतर दुखणं कमी होणं, दुखणं सुरू होताच जास्त वेळा जावं लागणं आणि शौच पातळ होणं. पुढे तज्ज्ञांनी 'रोम निकष' ठरवले. 2016 सालच्या चौथ्या आवृत्तीत, गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोट दुखणं ही मुख्य अट आहे.

आजचं यंत्र कशावर शिकतं? बहुतेक वेळा अशाच निकषांनी आयबीएस ठरवलेल्या रुग्णांच्या माहितीवर. 2022 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मोबाइल ॲपने शौचाच्या फोटोवरून केलेलं वर्णन तज्ज्ञांशी रुग्णांच्या स्वतःच्या नोंदींपेक्षा जास्त जुळलं. नोंद ठेवण्यात यंत्र तरबेज आहे, हे खरंच. पण पोट किती दुखतंय, हे ज्याचं त्यालाच सांगावं लागतं.

म्हणून दोन आठवड्यांची डायरी ठेवा आणि ती डॉक्टरांपुढे ठेवा. शौचातून रक्त जात असेल किंवा वजन विनाकारण उतरत असेल, तर मात्र डायरी भरत बसू नका, लगेच तपासून घ्या.