ग्रहणाचा व्रण आणि अर्धा झिजणारा चेहरा

१/ २२ जानेवारी १८९८. पाथर्डीच्या दक्षिणेस सुमारे शंभर किलोमीटरवर, जेऊर येथे खग्रास सूर्यग्रहणाच्या वेधासाठी देशोदेशीचे खगोलशास्त्रज्ञ जमले होते. पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी नायगमवाला त्यांपैकी एक. पाथर्डीत मात्र ग्रहण खंडग्रास होते. अशा वेळी उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहिल्यास डोळ्याचा पडदा, म्हणजे रेटिना, भाजतो. या भाजण्यातूनच पुढे एक उपचार जन्मला.

२/ ९ जुलै १९४५ च्या ग्रहणात जर्मनीतील एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा पडदा असाच भाजला. तो व्रण पाहून नेत्रवैद्य गेर्ड मायर-श्विकेराथ यांना प्रश्न पडला: नेमका आणि मोजून दिलेला चटका फाटलेला पडदा जोडून ठेवील काय? १९४९ मध्ये त्यांनी प्रकाशाने पहिला उपचार केला. आरशांनी वळवलेला सूर्यप्रकाशही त्यांनी वापरला. पुढे झेनॉन दिवा आला आणि १९६० नंतर लेसर.

३/ आता दुसरा धागा. चेहऱ्याची एक बाजू हळूहळू झिजत जाणारा दुर्मीळ विकार म्हणजे पॅरी-रॉम्बर्ग. इंग्लंडमधील कॅलेब पॅरी यांचे वर्णन त्यांच्या मृत्यूनंतर १८२५ मध्ये छापले गेले. बर्लिनच्या मोरिट्झ रॉम्बर्ग यांचे १८४६ मध्ये आले. जिवंत डोळ्याचा पडदा पाहण्याचे हेल्महोल्ट्झ यांचे साधन प्रसिद्ध झाले ते १८५१ मध्ये. म्हणजे दोन्ही वर्णने झाली तेव्हा डोळ्याच्या आत काय घडते, हे पाहण्याची सोयच नव्हती.

४/ हा विकार बहुधा बालपणी किंवा तारुण्याच्या उंबरठ्यावर सुरू होतो. काही थोड्या रुग्णांत झिजलेल्या बाजूच्याच डोळ्यातील रक्तवाहिन्या फुगतात, पाझरतात. पडद्याखाली द्रव साचून तो उचलला जातो. अशा वाहिन्या लेसरच्या चटक्याने किंवा अतिशीत उपचाराने बंद करतात. दाह असल्यास स्टेरॉइड देतात. रुग्ण इतके मोजके, की प्रत्येक निर्णय त्या एका डोळ्याकडे पाहूनच घ्यावा लागतो.

५/ झिजलेला गाल चरबी भरून पुष्कळसा सावरता येतो; गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. एक डोळा शाबूत असला की दुसऱ्याचे अंधारणे लहान मुलाच्या ध्यानातही येत नाही. घरच्यांचे लक्ष मात्र चेहऱ्यावर खिळलेले असते. म्हणून बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडद्याची तपासणी वेळीच व्हायला हवी. पाथर्डीसारख्या तालुक्यातून त्यासाठी नगर किंवा पुणे गाठावे लागले, तरीही.