गाडीचे ॲव्हरेज: एका जुन्या ऑटोमॅटिक एसयूव्हीच्या निमित्ताने इंधनाच्या हिशेबाचा इतिहास

या टिपणात आपण खिशाला लागणारा एक प्रश्न इतिहासाच्या मदतीने सोडवणार आहोत.

समजा, तंजावरमधील एका कुटुंबाकडे पंधरा वर्षांपूर्वीची, पेट्रोलवर चालणारी ऑटोमॅटिक एसयूव्ही आहे. एका वेळी ती लिटरमागे ९ किलोमीटर धावते, पुढच्या वेळी ७ च. गॅरेजमध्ये सांगितले जाते, "गिअरबॉक्स गेला." जुन्या गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे काम पुष्कळदा गाडीच्या चालू किमतीच्या आसपास जाते. मग खर्च करायचा, गाडी विकायची, की आधी काही तपासायचे?

अशी गाडी म्हणजे वेगवेगळ्या काळातील शोधांची एकावर एक चढलेली थर-रचना असते. कोणता भाग कोणत्या अडचणीवर उपाय म्हणून आला हे ठाऊक असले, की तो बिघडल्यावर काय दिसेल याचा अंदाज बांधता येतो.

१. एका दिव्याला किती तूप?

इंधनाचा हिशेब मोटारीपेक्षा खूप जुना आहे. त्याचे एक उत्तम उदाहरण तंजावरमध्येच आहे. पहिल्या राजराज चोळाने बांधलेले बृहदीश्वर मंदिर इ.स. १०१० मध्ये पूर्ण झाले. (याच मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांच्या काळात, १८०३ मध्ये, भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा मराठी शिलालेख कोरला गेला.) मंदिरावरील चोळकालीन तमिळ लेखांत नंदादीपांची व्यवस्था नोंदवली आहे. एका दिव्यासाठी रोज एक उळक्कु तूप लागते. ते पुरवण्यासाठी ९६ मेंढ्या, किंवा ४८ गाई, किंवा १६ म्हशी गवळ्यांकडे सोपवायच्या. म्हणजे दिव्याचा रोजचा खर्च ठरलेला, आणि तो भागवणारा साठाही ठरलेला.

याच लेखांत सोने तोलण्याच्या वजनाला आणि धान्य मोजण्याच्या मापाला 'आडवल्लान' असे नाव दिलेले आढळते. आडवल्लान म्हणजे नृत्यात निपुण असा देव, नटराज. कोणत्या मापाने मोजले हे लिहून ठेवण्यामागे व्यवहारी कारण आहे. माप बदलले तर आकडा तोच राहूनही वस्तू कमीजास्त होते. आपल्या एसयूव्हीची तपासणी इथूनच सुरू करायची आहे.

२. मैल, गॅलन आणि 'ॲव्हरेज'

मायलेज हा शब्द मैलावरून आला. भारतात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली गेली आणि मैल-गॅलनच्या जागी किलोमीटर-लिटर आले, पण शब्द टिकून राहिला. जुन्या गाडीची परदेशी माहिती वाचताना एक काळजी घ्या. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, तर अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा असतो. त्यामुळे 'गॅलनला २० मैल' म्हणजे अमेरिकी हिशेबाने लिटरला सुमारे ८.५ किलोमीटर, आणि ब्रिटिश हिशेबाने सुमारे ७.१. आकडा एकच, पण अर्थात जवळजवळ दीड किलोमीटरचा फरक.

मराठीत आपण "गाडी ॲव्हरेज किती देते?" असे विचारतो. हा शब्द मायलेजपेक्षा नेमका आहे, कारण ॲव्हरेज म्हणजे सरासरी, आणि एकाच टाकीवरून सरासरी निघत नाही. पुढील हिशेब पाहा. गाडी खरोखर लिटरला ८ किलोमीटर देते असे धरू. तुम्ही १६० किलोमीटर चाललात, म्हणजे २० लिटर पेट्रोल जळले. पण या वेळी पंपाचे नोझल थोडे उशिरा बंद झाले आणि टाकीत २२ लिटर बसले. तुमचा आकडा येतो ७.३. पुढच्या १६० किलोमीटरनंतर नोझल नेहमीच्या जागी थांबले आणि १८ लिटरच बसले. आता आकडा ८.९. गाडीत काहीही बदललेले नाही, बदलली ती 'टाकी फुल' या शब्दांची व्याख्या.

म्हणून सलग पाच वेळा शक्यतो त्याच पंपावर टाकी भरा, नोझल पहिल्यांदा बंद झाले की थांबा, आणि शेवटी एकूण किलोमीटरला एकूण लिटरने भागा. ८०० किलोमीटर आणि १०० लिटरच्या हिशेबात दोन लिटरची चूक केवळ दोन टक्क्यांची ठरते. टायर मूळ मापापेक्षा मोठे बसवले असतील तर ओडोमीटर कमी अंतर दाखवतो, हेही ध्यानात ठेवा.

३. कंपनीचा आकडा आणि आपला रस्ता

पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच एआरएआय, १९६६ साली स्थापन झाली. प्रमाणित मायलेजच्या चाचणीत गाडी रस्त्यावर धावत नाही. तिची चाके डायनॅमोमीटरच्या रोलरवर फिरतात आणि ठरवून दिलेल्या वेग-तक्त्याप्रमाणे गाडी चालवली जाते. भारतीय तक्त्यात, म्हणजे मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकलमध्ये, कमाल वेग ताशी ९० किलोमीटर ठेवला होता, आणि एसी बंद असे. दोन मॉडेलांची तुलना एकाच मापाने करणे हा त्या आकड्याचा उपयोग. तुमच्या रस्त्याचे भाकीत त्यात नसते.

तंजावरहून तिरुचिरापल्लीला जाणारा महामार्ग सपाट आहे. तिथे ५०-५५ किलोमीटर एकसारख्या वेगाने जाता येते. अय्यमपेट्टै, पापनाशम् मार्गे कुंभकोणमला जाणारा जुना रस्ता मात्र गावांतून जातो आणि पावलोपावली ब्रेक लावायला भाग पाडतो. महामार्गावरही वेग ८० वरून १०० केला तर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने, म्हणजे सुमारे १.५६ पट वाढतो. उंच, रुंद एसयूव्हीला हे अधिक जाणवते. म्हणून प्रत्येक टाकीसोबत रस्ता, वेग आणि एसीचा वापर वहीत नोंदवा. चढउतारांपैकी बरेचसे इथेच उलगडतात.

४. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: घसरण आणि तिच्यावरचा उपाय

जर्मन अभियंते हेर्मान फॉटिंगर यांनी १९०५ मध्ये द्रवाच्या साहाय्याने शक्ती पोहोचवणाऱ्या यंत्रणेचे पेटंट घेतले. त्यांच्यासमोर प्रश्न जहाजांचा होता. मोटारीत हे तत्त्व मोठ्या प्रमाणावर आले ते ओल्ड्समोबिलच्या हायड्रा-मॅटिक गिअरबॉक्सबरोबर, १९३९ च्या अखेरीस. तेलातून शक्ती जात असल्याने क्लच दाबावा लागत नाही. पण इंजिनाकडचे पाते आणि गिअरबॉक्सकडचे पाते एकाच वेगाने फिरत नाहीत. त्यांच्यात घसरण राहते, आणि वाया गेलेली ऊर्जा तेल तापवते.

उपाय म्हणजे स्थिर वेगाला दोन्ही बाजू यांत्रिकपणे जोडून टाकणे. असा लॉक-अप क्लच पॅकार्डने १९४९ मध्ये अल्ट्रामॅटिकमध्ये दिला. पेट्रोल स्वस्त असल्याने तो सर्वत्र पसरला नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर चित्र पालटले. १९७५ मध्ये अमेरिकेने इंधन-काटकसरीचा कायदा केला, आणि १९७८ च्या मॉडेलांत क्रायस्लरने लॉक-अप पुन्हा आणला. पुढे इतरांनीही तो स्वीकारला.

आता निदानाकडे या. गाडी पूर्ण तापल्यावर, मोकळ्या रस्त्यावर ताशी ७०-८० च्या स्थिर वेगाला लॉक-अप लागला पाहिजे. तो लागताना वेग तोच असूनही टॅकोमीटरचा काटा दोन-चारशे फेऱ्यांनी खाली येतो. तसे कधीच होत नसेल तर लॉक-अप लागत नाही. पण लगेच गिअरबॉक्सला दोष देऊ नका. इंजिन थंड असेपर्यंत संगणक लॉक-अपला परवानगीच देत नाही. म्हणून गावातल्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ॲव्हरेज पडणारच.

थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर इंजिन पुरेसे तापत नाही. मग संगणक जास्त पेट्रोल सोडतो आणि लॉक-अपही रोखून धरतो. थंड प्रदेशात अशा वेळी हीटरमधून कोमट हवा येते आणि मालकाला शंका येते. तंजावरमध्ये हीटर कोण लावतो? त्यामुळे हा बिघाड दिसत नाही, आणि काहीशे किंवा फार तर काही हजार रुपयांच्या भागाचा आळ गिअरबॉक्सवर येतो.

५. मिश्रण: कार्ब्युरेटरपासून ऑक्सिजन सेन्सरपर्यंत

"एअर फिल्टर बदला, ॲव्हरेज सुधारेल" हा सल्ला कार्ब्युरेटरच्या काळातला. तेव्हा हवा अडली की पेट्रोलचे प्रमाण वाढे. १९७६ मध्ये बॉशने बनवलेला लॅम्ब्डा सेन्सर व्होल्वोच्या गाड्यांत आला. तो धुरातला ऑक्सिजन ओळखतो, आणि संगणक हवा-पेट्रोलचे प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास राखतो. अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये दाखवून दिले, की इंजेक्शनच्या गाड्यांत फिल्टर तुंबल्याने पिकअप कमी होतो, पण मायलेजमध्ये फारसा फरक पडत नाही. यंत्र बदलले तरी त्याविषयीचा सल्ला मागे उरतो, याचे हे चांगले उदाहरण आहे. फिल्टर जरूर बदला, पण तेवढ्याने प्रश्न सुटला असे समजू नका.

सेन्सर म्हातारा झाला की मंदावतो. अमेरिकेत १९९६ पासून ओबीडी-२ सक्तीचे झाले. भारतात बीएस-४ बरोबर २०१० पासून पहिला आणि २०१३ पासून दुसरा टप्पा आला. म्हणून जुन्या गाडीत स्कॅनर किती माहिती देईल हे तिच्या उत्पादनवर्षावर अवलंबून आहे. स्कॅनर चालत असेल तर इंजिनाचे तापमान आणि फ्युएल ट्रिम हे दोन आकडे प्रथम पाहा.

६. इंधनच बदलले तर?

इथेनॉलच्या एका लिटरमध्ये सुमारे २१ मेगाज्यूल ऊर्जा असते, पेट्रोलमध्ये सुमारे ३२. भारतात २००३ मध्ये ५ टक्के मिश्रणाने सुरुवात झाली, २०२२ मध्ये १० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा. निव्वळ ऊर्जेच्या हिशेबाने २० टक्के मिश्रणाचा लिटर शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी, तर १० टक्के मिश्रणापेक्षा सुमारे साडेतीन टक्क्यांनी कमी पडतो. ही घट कायमची असते, टाकीगणिक वरखाली होत नाही. कायमची घट आणि चढउतार ही दोन वेगळी लक्षणे आहेत. त्यांची गल्लत करू नका.

तपासणीचा क्रम

१. पाच टाक्यांची एकत्रित नोंद करा. रस्ता, वेग, एसी लिहा.
२. टायरमधील हवा थंड असताना तपासा. प्रवासानंतर एखादे चाक इतरांपेक्षा फार तापलेले वाटले तर ब्रेक घासत असण्याची शक्यता आहे.
३. इंजिन योग्य तापमानाला पोहोचते का आणि तिथे टिकते का ते पाहा.
४. फ्युएल ट्रिम, ऑक्सिजन सेन्सर, स्पार्क प्लग तपासा.
५. गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी, रंग आणि वास पाहा. मग लॉक-अप तपासा.
६. हे सर्व झाल्यावरच गिअरबॉक्स उघडण्याचा विचार करा.

हा क्रम स्वस्त आणि सोप्या तपासणीकडून महागड्या कामाकडे जातो. वरील कुटुंबाने पहिल्या तीन पायऱ्या केल्या तर खर्च फारसा येत नाही, आणि गिअरबॉक्सवर पैसे घालायचे की नाही हे त्यांना कोणाच्या अंदाजावर नव्हे, तर स्वतःच्या वहीवरून ठरवता येते.

स्वाध्याय

१. एका गाडीने सलग चार वेळा १८०, २१०, १५० आणि २६० किलोमीटर अंतर कापले. पेट्रोल अनुक्रमे २४, २५, २१ आणि ३० लिटर बसले. प्रत्येक टाकीचा आणि एकूण आकडा काढा. कोणत्या टाकीवर शंका घ्याल, आणि का?
२. तुमच्या घरच्या दुचाकीचे किंवा मोटारीचे ॲव्हरेज पाच टाक्यांवरून काढा. घरातले लोक सांगतात त्या आकड्याशी ते जुळते का?