दिवाण : मातीच्या पाटीपासून म्हैसूरच्या दरबारापर्यंत

म्हैसूर शहरातला एक रस्ता आजही ‘दिवाण्स रोड’ म्हणून ओळखला जातो. कुणा एका माणसाचं नाव त्याला दिलेलं नाही, पदाचं दिलं आहे. संस्थानात महाराजांच्या खालोखाल ज्याचा शब्द चाले तो दिवाण. महसूल, पाटबंधारे, शाळा, कारखाने, नेमणुका, इंग्रज रेसिडेंटशी पत्रव्यवहार, सगळं त्याच्या सहीनं होई. लोकांनी निवडून दिलेला तो नव्हता. तरी आजचा मुख्य सचिव आणि मुख्यमंत्री मिळून जे करतात, ते तो एकटा करी.

एवढ्या अधिकाराच्या पदाला नाव कुठून मिळालं, तर एका वहीवरून. फारसीत ‘दीवान’ म्हणजे नोंदवही. सातव्या शतकात खलिफा उमर यांनी सैनिकांची नावं आणि त्यांचे तनखे लिहून ठेवायची व्यवस्था केली, तिला हेच नाव मिळालं. मग वह्या जिथे ठेवत ती कचेरी दीवान झाली आणि पुढे त्या कचेरीचा प्रमुखही दीवान झाला. कवीच्या संग्रहाला दीवान म्हणतात तोही त्याच अर्थानं, एकत्र लिहून ठेवलेलं म्हणून. कचेरीतल्या भिंतीलगतच्या बैठकीवरून आपल्या घरातला दिवाण आला, आणि भूमध्य समुद्राच्या बंदरांतून हा शब्द युरोपात गेला तेव्हा फ्रेंचांनी आपल्या जकात खात्याला ‘दुआन’ म्हटलं.

याच्याही मागे जाता येतं. बहुतेक भाषाशास्त्रज्ञ या शब्दाचं मूळ सुमेरमधल्या ‘दुब’ या शब्दाशी नेतात. दुब म्हणजे लिहायची मातीची पाटी. तोच धागा प्राचीन इराणात ‘दिपि’ म्हणून दिसतो आणि वायव्येकडच्या शाहबाजगढीच्या अशोकलेखांतही ‘दिपि’ असाच येतो. इकडे आपण लिपी म्हणतो. लेखनिकाला फारसीत ‘दबीर’ म्हणत. शिवाजीमहाराजांच्या अष्टप्रधानांतला डबीर तो हाच. म्हणजे डबीर आणि दिवाण एकाच घरचे.

आणि या घराण्याची एक खूण खुद्द जुन्या म्हैसूर राज्याच्या मातीत आहे. चित्रदुर्ग जिल्ह्यात ब्रह्मगिरीला अशोकाचा शिलालेख आहे. १८९२ साली बी. एल. राईस यांनी तो उजेडात आणला. सगळा मजकूर ब्राह्मीत, डावीकडून उजवीकडे. शेवटी चपड नावाचा लेखनिक आपलं नाव सांगतो आणि ‘लिपिकर’ हा एकच शब्द मात्र खरोष्ठीत, उजवीकडून डावीकडे खोदतो. खरोष्ठी ही वायव्य सरहद्दीची लिपी. तिथली विद्या शिकलेल्या माणसानं दूर दक्षिणेतल्या खडकावर आपल्या हुद्द्याची सही ठेवली. सरकारी नोकराची इतकी जुनी आणि इतकी जिवंत खूण मला तरी दुसरी माहीत नाही.

मराठीत दिवाण सल्तनतींच्या काळात आला आणि जुन्या कागदांत तो कितीदा तरी ‘सरकार’ याच अर्थानं दिसतो. मोगलांकडे दिवाण म्हणजे वसुलाचा प्रमुख. १७६५ साली कंपनीनं बंगाल, बिहार, ओरिसाची ‘दिवाणी’ मिळवली, म्हणजे वसुलाचा हक्क. जमीनजुमल्याचे तंटे त्या हक्कापाठोपाठ आले, म्हणून आजही आपल्याकडे दावा ‘दिवाणी’ असतो.

म्हैसूरला या पदाचा पहिला मोठा मानकरी पूर्णय्या. देशस्थ माध्व ब्राह्मण, गरिबीतून वर आलेला, व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब लिहिता लिहिता हैदरअलीच्या नजरेत भरलेला. हैदर गेला, टिपू आला. पूर्णय्याच्या वह्या चालूच राहिल्या. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला आणि इंग्रजांनी पाच वर्षांच्या कृष्णराज वडियारांना गादीवर बसवलं. राज्य चालवायला त्यांनाही पूर्णय्याच लागला. १८११ पर्यंत तो दिवाण होता. त्याची निष्ठा कुणाशी होती यावर वाद होत आले आहेत. पण तीन राजवटींना तो लागला, कारण राज्याचा जमाखर्च त्याच्या हाताखाली होता.

१८३१ मध्ये इंग्रजांनी कारभार स्वतःकडे घेतला आणि पन्नास वर्षं कमिशनरांचं राज्य झालं. २५ मार्च १८८१ रोजी संस्थान वडियारांना परत मिळालं, तेही १८७६-७८ च्या भीषण दुष्काळातून आणि ८० लाखांच्या कर्जाखाली. दिवाण झाले सी. व्ही. रंगाचार्लू. त्यांनी त्याच वर्षी एक अजब गोष्ट केली. दसऱ्याला म्हैसुरात माणसं जमतातच, हे धरून ७ ऑक्टोबरला तालुक्यांतून रयत आणि व्यापारी मिळून १४४ प्रतिनिधी बोलावले आणि त्यांच्यापुढे राज्याची जमा किती, खर्च कशावर, हे स्वतः सांगितलं. या प्रजाप्रतिनिधी सभेला ना मतदानाचा हक्क होता, ना अंदाजपत्रक अडवण्याचा. तरीही त्या काळात हिंदुस्थानात दुसऱ्या कुठल्या संस्थानी दिवाणानं अशी वही उघडली नव्हती. रंगाचार्लू १८८३ च्या जानेवारीत वारले, पण सभा राहिली. दर दसऱ्याला दिवाणानं तिच्यापुढे उभं राहून कारभाराचा हिशेब द्यायचा, हा पायंडा पडला.

या मालिकेत दोघे तंजावरचे मराठी आहेत, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. व्ही. पी. माधवराव १९०६ ते १९०९ दिवाण होते. १९०७ ची विधान परिषद त्यांच्या काळातली, आणि वृत्तपत्रांचा गळा आवळणारा १९०८ चा कायदाही त्यांच्याच काळातला. त्यांच्यामागून आले टी. आनंदराव, त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशी तीन संस्थानं सांभाळलेल्या सर टी. माधवरावांचे चिरंजीव. बंगळुरूचं आनंदराव सर्कल त्यांच्या नावाचं. शिवकालात व्यंकोजीराजांच्या वेळेपासून तंजावरकडे मराठी लेखणी गेली, ती अशी दोनशेहून अधिक वर्षांनी म्हैसूरच्या फडावर पोचली.

विश्वेश्वरय्यांबद्दल मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. पुण्यात शिकलेले, खडकवासल्याच्या स्वयंचलित दारांचे कर्ते. १९१२ ते १९१८ ते दिवाण होते. म्हैसूर बँक, म्हैसूर विद्यापीठ, कृष्णराजसागर धरण यांना त्यांचा हात लागला. मागासवर्गीयांना सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा देण्याचा प्रश्न आला तेव्हा ते गुणवत्तेच्या बाजूनं अडून बसले आणि पद सोडून गेले. त्यांचं काम डोंगराएवढं आहे, पण या प्रश्नावर राखीव जागांच्या बाजूचे महाराज नाल्वडी (चौथे) कृष्णराज बरोबर होते, असं माझं मत आहे. कचेरी कुणाची, हा प्रश्न धरणाइतकाच मोठा होता.

शेवटचे दिवाण अर्काट रामस्वामी मुदलियार. ऑक्टोबर १९४७ मध्ये के. सी. रेड्डींचं लोकनियुक्त मंत्रिमंडळ आलं आणि थोड्याच काळात पदही संपलं.

म्हैसूरच्या दिवाणांत कीर्ती विश्वेश्वरय्यांची मोठी आहे, आणि ती योग्यच आहे. पण दिवाण या शब्दाच्या मूळ अर्थाला, वहीला, सगळ्यात जास्त जागले ते रंगाचार्लू. दसऱ्याला म्हैसूरला गेलात, तर राजवाड्याची रोषणाई पाहून झाल्यावर मोठ्या घड्याळाजवळच्या टाउन हॉलकडे वळा. त्या इमारतीला रंगाचार्लूंचं नाव आहे.