परळचा वाडा आणि साथीचा पैसा

आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मूल मांडीवर घेऊन लस टोचायला बसणाऱ्या भगिनींनी परळच्या एका जुन्या वाड्याची हकीगत ऐकावी.

1896 साली मुंबईत प्लेग आला. सरकारने डॉ. हाफकिन यांना पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळाले काय, तर एक खोली, ओसरी, एक कारकून व तीन शिपाई! तेवढ्यावर त्यांनी लस सिद्ध केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली. लोक मात्र भीत होते. तेव्हा तिसरे आगाखान यांनी चारचौघांत टोचून घेतले व प्रयोगशाळेसाठी आपली खुश्रू लॉज ही वास्तूही दिली. त्याच मार्चात, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता, पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या.

10 ऑगस्ट 1899 रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेगची प्रयोगशाळा सुरू झाली. 1925 पासून तीच हाफकिन इन्स्टिट्यूट. प्लेग ओसरल्यावर ‘आता हा खर्च कशाला?’ म्हणून कोणी तिला टाळे ठोकले नाही, हे आपले भाग्य. सर्पदंशावरील औषध आणि पोलिओचे डोस पुढे हाफकिनच्याच नावाने गावोगाव पोहोचले. शेतात राबणाऱ्या आपल्या बायकांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको.

कोरोनाच्या वेळी हाफकिनला लस तयार करण्यासाठी केंद्राने 65 कोटी व राज्याने 94 कोटी देऊ केले. पण ते एप्रिल 2021 मध्ये, दवाखान्यांत खाट मिळेनाशी झाल्यावर.