कागदावर आफ्रिका, पाण्याखाली अमेरिका

२० वर्षं बातमीदारी करतोय. 'वरून आलेली माहिती' म्हणून आम्ही काय काय छापलंय, याचा हिशेब मांडायला बसलो तर झोप उडेल. यू-८६९ ही जर्मन पाणबुडी मला म्हणूनच आठवत राहते.

अमेरिकेत न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून साधारण १०० किलोमीटर आत मच्छीमारांना एक जागा माहीत होती. तिथे मासळी चांगली लागायची, म्हणजे खाली काहीतरी बुडालेलं असणार. (हे कोकणातल्या लोकांना वेगळं सांगायला नको.) सप्टेंबर १९९१ मध्ये काही हौशी पाणबुडे ७० मीटर खाली उतरले, तर समोर दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पाणबुडी! आणि त्या जागी पाणबुडी बुडाल्याची नोंद एकाही दप्तरात नाही.

दोनेक महिन्यांत जॉन चॅटरटनला आत एक चाकू सापडला. लाकडी मुठीवर नाव कोरलेलं, होरेनबर्ग. या नावाचा माणूस यू-८६९ वर होता. सुटलं कोडं? छे! ती बोट तर फेब्रुवारी १९४५ मध्ये आफ्रिकेजवळ बुडाल्याची पक्की नोंद. म्हणजे नोंद खरी आणि चाकूवरच संशय!

आता ही नोंद झाली कशी ते बघा. बोट निघाली अमेरिकेकडे. वाटेत तिला हुकूम सुटला, जिब्राल्टरकडे वळा. तो बहुधा बोटीपर्यंत पोचलाच नाही. जर्मनांचे संदेश दोस्त राष्ट्रं चोरून वाचत होती. मोरोक्कोजवळ युद्धनौकांनी एका संशयित पाणबुडीवर हल्ला केला होता. युद्धानंतर यू-८६९ त्या हल्ल्याच्या खात्यावर टाकून फाईल बंद. बुडालेली बोट तिथे कुणी पाहिली होती? कुणीच नाही.

पुढची ६ वर्षं शोध चालला. त्यात ३ पाणबुड्यांचा जीव गेला. शेवटी ३१ ऑगस्ट १९९७ ला चॅटरटनने मोटारींच्या खोलीतून सुट्या भागांची पेटी वर आणली. तिच्या पट्टीवर बोटीचा नंबर होता, यू-८६९.

आत ५६ जण होते. त्यांच्या घरच्यांनी ५० वर्षं भलत्याच समुद्राकडे बघून आठवण काढली असेल. चॅटरटनचा जोडीदार रिची कोलर पुढे जर्मनीला गेला आणि त्यातल्या काहींच्या नातेवाइकांना भेटून खरी जागा सांगून आला.