आईचं हॉटेलातलं जेवण

आईला ऐंशी वर्षं पूर्ण झाली, तेव्हा आम्ही भावंडांनी तिला विचारलं, "काय करूया गं? बाहुबलीला विधान करूया, का समाजाच्या कार्यालयात जेवण घालूया?" आई म्हणाली, "ते सगळं झालंय की. मला हायवेवरच्या हॉटेलात जेवायचंय. रविवारी दुपारी, सगळ्यांनी मिळून."

दुपारी हे तिनं सांगायची गरज नव्हती. दिवस मावळल्यावर आमच्या घरात ताट मांडत नाहीत, त्यामुळे आमचा कुठलाही आनंद दुपारीच जेवतो. आणि रविवार तेवढा सगळ्यांना मोकळा. हा रविवारही कुणी सहज दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी कित्येक वर्षं झगडून 1890 मध्ये तो मिळवला. घरच्या बायकांना तो अजून मिळायचा आहे, पण ते असो.

हॉटेल निपाणीजवळचंच. आमच्या लहानपणी ते उडुपीकडच्या मंडळींचं होतं. आत शिरलं की पुढं बाकडी, ती पुरुषांची. मागं फळ्यांचे आडोसे आणि मळकट हिरवे पडदे, वर पाटी 'फॅमिली रूम'. बायकांनी बसायचं ते तिथं. पण आमच्या घरातल्या बायका तिथंही जात नसत. अण्णा वर्तमानपत्रात बांधून मसाला डोसा आणायचे. आज्जी देवळात गेली की आई आणि काकी तो मागच्या सोप्यात उभ्या-उभ्या खायच्या. त्यातला बटाटा काढून म्हशीला. म्हैस आमच्याआधी हॉटेलातलं शिकली, असं काकी म्हणायची.

प्रवासातही तेच. 1981 ला श्रवणबेळगोळला सहस्राब्दीचा महामस्तकाभिषेक झाला. आमच्या गल्लीतनं बस गेली, तिच्या टपावर स्टोव्ह, पिठाचे डबे, पाणी गाळायची फडकी. वाटेत दशम्या आणि शेंगाची चटणी. हॉटेल दिसलं की पुरुष चहाला उतरायचे आणि आम्ही खिडकीतनं बघत बसायचो. धर्म म्हणून पाळलेलं सगळंच धर्माचं होतं का, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. कांदा-लसूण, कंदमूळ, रात्रीचं जेवण हे आमचं. पण पडदा? तो कुठल्या शास्त्रात सांगितलाय?

खरं तर कायद्यानं दार कधीच उघडलं होतं. 26 जानेवारी 1950 ला लागू झालेल्या राज्यघटनेचं पंधरावं कलम वाचून बघा. दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव यांचा वापर करण्यापासून कुणालाही धर्म, जात किंवा लिंग यावरून अडवायचं नाही, असं त्यात स्पष्ट आहे. एवढ्या मोठ्या ग्रंथात हॉटेलाचा उल्लेख करावा लागला, कारण तिथं बसण्यासाठी माणसांना अपमान सोसावा लागत होता. आमच्यापासून 40 किलोमीटरवर, कोल्हापुरात, गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं. दलिताच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना, तेव्हा शाहू महाराज स्वतः तिथं थांबून चहा प्यायचे आणि बरोबरच्यांनाही पाजायचे. महाराज 1922 ला वारले, त्याच्या आधीच्या काही वर्षांतली ही गोष्ट. आपल्याकडे ती कौतुकानं सांगतात. पण कुंभोजच्या भाऊराव पाटलांची गोष्ट सांगताना समाजाच्या सभांत आवाज जरा खाली येतो. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात शिकत असताना ते अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले आणि परत आल्यावर आंघोळ करायला त्यांनी नकार दिला. बोर्डिंग सोडावं लागलं. याच मुलानं पुढं 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे हॉटेल आता विकलं गेलंय. नवे मालक बौद्ध समाजातले, नवरा-बायको दोघं. 'शुद्ध शाकाहारी' ही पाटी त्यांनी तशीच ठेवलीय, वर कन्नड, खाली मराठी. घरात बातमी कळल्यावर वैनी म्हणाल्या, "मग दुसरीकडे बघूया की. बेळगावात काय कमी हॉटेलं आहेत?" कारण कुणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती, हेच वाईट. चुलत्यांच्या तंबाखूच्या वखारीत निवडायला येणाऱ्या बायकांच्या कपबश्या मागच्या कोनाड्यात वेगळ्या असायच्या. त्या मी स्वतः विसळल्यात, वरनं पाणी ओतून, हात न लावता. तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची असेन.

आई एवढंच म्हणाली, "मी तिथं जायचं म्हटलंय."

वैनींना त्या रविवारी नेमका उपवास निघाला. बाकीचे चौदा जण गेलो. फळ्या, पडदे सगळं काढून टाकलेलं, एकच मोठं दालन. आईला मी भिंतीकडेला बसवायला लागले, तर ती मधल्या टेबलाला जाऊन बसली. गल्ल्यावरची बाई उठून आली. "आज्जी, कांदा-लसूण नसलेलं वेगळ्या भांड्यात केलंय. बटाटा कशातच नाही." फोनवर मी हे एकदाच सांगितलं होतं. मुगाची आमटी, दोडक्याची भाजी, चपाती, भात, आणि होळगीवर तूप. होळगी जरा जाड होती, आईनं ते सांगितलंही. "पुरण शिजलंय चांगलं. कणीक अजून सैल मळ." ती बाई हसली, म्हणाली, "उद्या बघते करून."

चहा आला. पांढऱ्या कपबश्या, सगळ्यांना सारख्या. आईनं बशीत चहा ओतला आणि बराच वेळ नुसती धरून बसली. मग तिनं विचारलं, "तुझी आई वखारीत जायची काय गं?"

"आई नाही, आज्जी जायची. कुठल्या ते ठाऊक नाही."

"आमच्याकडं कपबश्या वेगळ्या असायच्या," आई म्हणाली. टेबलावर सगळे गप्प. त्या बाईनं नुसती मान हलवली. "आज्जी सांगायची," म्हणाली, आणि दुसऱ्या टेबलानं हाक मारली म्हणून गेली.

बिल भावानं दिलं. आईनं निघताना दोन होळग्या बांधून मागितल्या, वैनींसाठी. वर्तमानपत्र नव्हतं, चकचकीत डबी होती. गाडीत ती आईनं मांडीवर धरली होती. दिवस मावळायच्या आत आम्ही घरी पोचलो. वैनींनी डबी घेतली आणि आत नेऊन ठेवली. पुढचं मी विचारलं नाही.