एका डोसची कुळकथा

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला अडवणारी लस आज किशोरवयीन मुलींना एकाच डोसमध्ये देता येते. या एका डोसचं कूळ शोधत गेलं, तर वाट बार्शी-पुण्यावरून जाते.

१९८३ साली हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाला या कर्करोगात एचपीव्ही-१६ हा विषाणू सापडला. तो गर्भाशयमुखाच्या अस्तरातच राहतो; रक्तात उतरत नाही, पेशी फोडत नाही. म्हणून शरीराला त्याची वर्दी उशिरा लागते. तरीही बहुतेक जणींच्या प्रतिकारयंत्रणेतल्या टी पेशी वर्ष-दोन वर्षांत बाधित पेशी हेरून संसर्ग संपवतात. जिथे तो चिवटपणे टिकतो, तिथे त्याची ई-६ आणि ई-७ ही प्रथिनं पेशींची वाढ मोकाट सोडतात.

१९९१मध्ये ऑस्ट्रेलियात इयन फ्रेझर आणि जियान झोउ यांनी या विषाणूचं नुसतं कवच घडवलं. आत जनुकं नाहीत. बाहेर एकच प्रथिन दाटीनं, ३६० वेळा मांडलेलं. ही मांडणी बी पेशींना जोरात चेतवते. त्यांच्यापासून तयार झालेल्या काही पेशी अस्थिमज्जेत ठाण मांडून वर्षानुवर्षं प्रतिपिंडं बनवत राहतात.

या कवचाची लस २००६मध्ये आली, ती तीन डोसची. दोन डोस पुरतील का, हे पाहायला २००९मध्ये भारतात चाचणी सुरू झाली. बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि पुणे ही त्यातली केंद्रं. एप्रिल २०१०मध्ये दुसऱ्याच एका प्रकल्पाच्या वादातून सरकारनं लसीकरण थांबवलं. सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला होता. संशोधकांनी त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही. मुली मोठ्या झाल्या, सासरी गेल्या, तरी नमुने देत राहिल्या. २०२१मध्ये निष्कर्ष आला: एचपीव्हीच्या १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसनं ९५.४ टक्के संरक्षण दिलं, तीन डोसइतकंच. २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एका डोसला मान्यता दिली.

याचं मोल पालघरला नीट कळेल. जिल्ह्याचं मुख्यालय कोळगावात. तिथून जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर एकदा पोहोचता येतं. पण दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेली मुलगी सहा महिन्यांनी दुसऱ्या डोसला गाठायची कशी? तिच्यासाठी एक डोस म्हणजे पुरी झालेली लस. विषाणूचे सगळेच प्रकार ती अडवत नाही, म्हणून तिशीनंतरची तपासणी हवीच. पण पहिली भेट वाया जाऊ देऊ नये, एवढं त्या मुलींनी सिद्ध करून ठेवलं आहे.